हल-हाउसच्या जेन ॲडम्स

शिकागो हे नाव उच्चारले की आपल्याकडील वाचकाला १८९३ सालची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद यांचे स्मरण होते. ती परिषद ज्या भव्य इमारतीत भरली, तेथून नदी ओलांडून पश्चिमेकडे गेल्यास हॉल्स्टेड नावाचा एक लांबलचक रस्ता लागत असे. त्या रस्त्यावर, अंत्यविधीचे साहित्य पुरविणारे दुकान आणि दारूचा गुत्ता यांच्या मध्ये, विटांनी बांधलेले एक जुने घर होते. चार्ल्स हल नावाच्या धनिकाने १८५६ साली ते बांधले, तेव्हा तो भाग शहराच्या कडेला होता. पुढे शहर वाढत वाढत पलीकडे गेले, श्रीमंत लोक दुसरीकडे निघून गेले आणि सभोवती लाकडी घरांची दाटी झाली. १८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आपल्या मैत्रीण एलन गेट्स स्टार यांच्यासह या घरात राहावयास आल्या. त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षे, हेच त्यांचे घर होते.

जेन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील गिरणीमालक होते आणि राज्याच्या विधिमंडळाचे सदस्यही होते. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा परिचय होता. जेन सव्वादोन वर्षांच्या असतानाच आई वारली. पुढे क्षयरोगाने पाठीचा कणा वाकला आणि तो अधूपणा त्यांना जन्मभर पुरला. आपल्यासारखी वेडीवाकडी मुलगी रुबाबदार वडिलांबरोबर चालताना लोकांनी पाहू नये, म्हणून लहानपणी त्या रस्त्याने काकांच्या सोबतीने चालत. पुढे इतरांच्या मुलांना आपल्या आईबापांची लाज वाटते हे त्यांना जेव्हा दिसले, तेव्हा त्यांना ते इतके लागले, याचे मूळ कदाचित या आठवणीत असावे.

रॉकफर्ड येथील शिक्षण संपले त्याच वर्षी, १८८१ मध्ये, वडीलही गेले. डॉक्टर होण्याच्या इच्छेने जेन यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली ज्या महाविद्यालयात दाखल झाल्या, तेच हे. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे जेन यांना काही महिन्यांतच शिक्षण सोडावे लागले. त्यानंतरची सात-आठ वर्षे सुस्थितीतील, सुशिक्षित आणि निरुद्योगी तरुणीची वर्षे होती. त्यांनी युरोपचा प्रवास केला, चित्रे पाहिली, भाषा शिकल्या. १८८३ साली लंडनच्या पूर्व भागात शनिवारी मध्यरात्री नासक्या भाजीचा लिलाव चाललेला त्यांनी घोडागाडीच्या छतावरून पाहिला. विकत घेतलेली कोबी एक माणूस तेथेच खाली बसून न धुता, न शिजविता खाऊ लागला. लिलावासाठी उंचावलेले ते असंख्य हात त्यांच्या मनातून गेले नाहीत. मात्र त्यातून काही करण्यास आणखी पाच वर्षे जावी लागली. १८८८ साली त्यांनी लंडनमधील टॉयन्बी हॉल पाहिले. विद्यापीठातून बाहेर पडलेले तरुण तेथे गरीब वस्तीतच बिऱ्हाड करून राहत. असेच घर आपण शिकागोत करावे, असे त्यांनी ठरविले.

शिकागोची लोकसंख्या १८९० साली अकरा लाखांच्या घरात होती आणि दर दहा माणसांतील सुमारे चार जण परदेशात जन्मलेले होते. इटलीतील भूमिहीन शेतकरी, आयर्लंडचे मजूर, जर्मन, पोलिश, बोहेमियन, ग्रीक आणि रशियातील अत्याचारांमुळे जीव घेऊन पळालेले ज्यू, असे नाना देशांचे लोक हॉल्स्टेड रस्त्याच्या आसपास कोंबलेले होते. १८९५ साली हल-हाउसने या वस्तीचे रंगीत नकाशे प्रसिद्ध केले. घराघरांतून माहिती गोळा करून कोणत्या घरात कोणत्या देशाची माणसे राहतात आणि आठवड्याला किती कमावतात, हे त्यांत दाखविले होते. जवळच्याच एका लहान भागात अठरा राष्ट्रांची माणसे निघाली.

अशा नवागताला पैशाइतकीच माहितीचीही चणचण असते. भाडे किती द्यावे, मजुरी बुडाली तर दाद कोठे मागावी, मूल आजारी पडले तर कोणते रुग्णालय आत घेईल, घरी पैसे कसे पाठवावेत, हे सांगणारा विश्वासू माणूस भेटला नाही, तर सांगण्यास दलाल तत्पर असतातच. हल-हाउसमध्ये येणारे पुष्कळसे लोक अशीच विचारणा करीत येत. कोणाला पत्र वाचून हवे असे, कोणाला रुग्णालयात सोबत हवी असे, तर सोडून गेलेल्या नवऱ्याकडून कोणा स्त्रीला पोटगी मिळवावयाची असे. परदेशी पैसे पाठविताना लोक लुबाडले जातात हे दिसल्यावर त्या घरात टपालखात्याचे एक उपकेंद्रही सुरू करण्यात आले. संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग भरत. आई कामावर गेली की खोलीत कोंडून ठेवलेली मुले खिडकीतून पडत वा भाजत, म्हणून पाळणाघर निघाले. कामकरी मुलींनी स्वतः चालविलेले वसतिगृह, स्नानगृहे आणि खेळाचे मैदानही झाले. येथे राहणारे कार्यकर्ते आपल्या जेवणाखाणाचा खर्च स्वतः सोसत.

सगळेच बेत साधले असे नव्हे. पौष्टिक आणि स्वस्त अन्न मिळावे, म्हणून शास्त्रशुद्ध पद्धतीने चालणारे सार्वजनिक स्वयंपाकघर मोठ्या उत्साहाने उघडण्यात आले. शेजाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरविली. ज्याला आपल्या देशच्या चवीची सवय आहे, त्याला दुसऱ्याने ठरविलेले सूप गोड कसे लागावे? जेन यांनी ते मुकाट्याने मान्य केले. तेथील कॉफीची खोली मात्र चांगली चालली, कारण लोकांना बसून बोलण्यास जागा हवी होती.

त्याहून फार कठोर धडा १८९३ च्या हिवाळ्यात मिळाला. जागतिक प्रदर्शन संपले, मंदी आली आणि हजारो माणसे बेकार झाली. माल रवाना करण्याच्या कचेरीतील एक कारकून कुटुंबासाठी मदत मागण्यास आला. काम उपलब्ध असेल तर आधी ते करून पाहावे, मगच मदत मागावी, असा धर्मादाय संस्थांचा नियम होता. जेन यांनी त्याला सांडपाण्याच्या कालव्यावर खोदकाम मिळते असे सांगितले. आपण नेहमी छपराखाली काम केले आहे, उघड्यावरच्या थंडीत आपला निभाव लागणार नाही, असे तो म्हणाला. पण जेन नियमाला धरून राहिल्या. त्याने दोन दिवस कालव्यावर काम केले, त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात तो मेला. त्याच्या दोन मुलांची खबर जेन पुढे अनेक वर्षे घेत राहिल्या आणि त्यांना पाहताना प्रत्येक वेळी तो नियम त्यांना आठवे. हा प्रसंग त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात नोंदविला. समाजसेवकांच्या चरित्रांत अशी नोंद सहसा आढळत नाही.

वस्तीतील कचऱ्याचा प्रश्न असाच घराच्या दारातून आत आला. लाकडी पेट्यांत दिवसच्या दिवस कचरा कुजत असे आणि मुले त्याच पेट्यांभोवती खेळत. कचरा उचलण्याचा ठेका राजकीय वशिल्याने दिला जाई. जेन यांनी स्वतः ठेक्यासाठी निविदा भरली. ती फेटाळली गेली, पण त्या गाजावाजामुळे १८९५ साली नगराध्यक्षांनी त्यांची एकोणिसाव्या प्रभागाच्या कचरा-निरीक्षक म्हणून नेमणूक केली. पहाटे सहा वाजता उठून ही वाकलेल्या पाठीची सुशिक्षित बाई कचऱ्याच्या गाड्यांमागे जात असे. एका अरुंद गल्लीत तर सुमारे अठरा इंच कचरा खणून काढल्यावर खाली फरसबंदी सापडली! तेथे रस्ता आहे हे राहणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मृत्यूच्या प्रमाणात शहरात तिसऱ्या क्रमांकावर असलेला हा प्रभाग पुढे सातव्या क्रमांकावर उतरला. परदेशातून आलेल्या काही शेजारणींना बाईने असले काम करणे प्रथम विचित्र वाटले. जेन त्यांना समजावीत की रोग्याची शुश्रूषा करणे हे बाईचे काम असेल, तर रोग होऊ न देणे हेही तिचेच काम आहे.

या घरात राहिलेल्या स्त्रियांनी कायद्यांपर्यंत मजल मारली. फ्लॉरेन्स केली यांनी कोंदट खोल्यांत चालणाऱ्या शिवणकामाची पाहणी केली. त्यातून १८९३ साली इलिनॉय राज्यात चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि केली स्वतः राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना-निरीक्षक झाल्या. जेन यांना हा प्रश्न पहिल्याच नाताळात भेटला होता. वाटलेली मिठाई काही लहान मुलींनी घेतली नाही. त्या मिठाईच्या कारखान्यात सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या आणि मिठाई त्यांच्या नजरेलाही नकोशी झाली होती. १८९९ साली शिकागोत बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, त्यामागेही हल-हाउसमधील मंडळींचे परिश्रम होते.

माझ्या मते जेन यांच्या समजुतीची खरी खोली श्रम-संग्रहालयात दिसते. एकदा रस्त्याने जाताना त्यांना घराच्या पायरीवर टकळीने सूत कातीत बसलेली एक इटालियन म्हातारी दिसली. हिची नातवंडे कारखान्यात यंत्रावर कामे करतात, इंग्रजी बोलतात आणि हिला अडाणी समजतात, हे जेन जाणून होत्या. परक्या देशात मुले भाषा लवकर शिकतात आणि मग घरातील वडीलधाऱ्यांचा मान जातो. आईबापांनी दुकानात काय बोलावे हेही मुलेच सांगू लागतात. १९०० साली हल-हाउसमध्ये असे एक दालन उघडले, की जेथे सीरियन, ग्रीक, इटालियन, रशियन, आयरिश स्त्रिया आपापल्या पद्धतीने सूत कातून व विणून दाखवीत. तेथे स्वयंपाकाच्या वर्गाला येणारी एक मुलगी मुद्दाम वेगळ्या दाराने आत शिरे, कारण पुढच्या दाराने तिची आई डोक्याला रुमाल बांधून, आखूड परकर नेसून सूत कातण्यास येत असे. एके दिवशी विद्यापीठातील पाहुण्यांनी आपल्या आईभोवती गर्दी करून तिच्या हाताचे कौतुक केलेले त्या मुलीने पाहिले. तिने जेनना आईविषयी विचारले. इटलीतील तिचे गाव, तेथील कातकाम आणि ते सोडून या दगडविटांच्या शहरात आलेल्या बाईवर काय गुजरले असेल, हे जेन यांनी तिला सांगितले. त्यानंतर ती मुलगी आईच्याच दाराने ये-जा करू लागली.

न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेले लोक आगगाडीने शिकागोस येत. गाड्या रात्री-अपरात्री पोहोचत. हातात पत्त्याचा कागद, तोही कधी चुकीचा. गाडीवाले मनमानी भाडे घेत. एकट्या निघालेल्या तरुण मुली तर वाटेतच नाहीशा होत. १९०८ साली हल-हाउसच्या मंडळींनी स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी एक संघ स्थापन केला आणि ग्रेस ॲबट त्याचे काम पाहू लागल्या. एकट्या येणाऱ्या मुलींची नावे मिळवून, त्यांची भाषा जाणणाऱ्या स्त्रिया दिलेल्या पत्त्यावर जाऊन त्या सुखरूप पोहोचल्या का, हे पाहत. डिअरबॉर्न स्थानकासमोर एक प्रतीक्षागृह उघडून आलेल्यांना पत्त्यांप्रमाणे मार्गी लावले जाई. तरी काही मुलींचा थांग लागलाच नाही. ॲबट यांनी नोकरी देणाऱ्या दलालांचे व्यवहार तपासले. शुल्क उकळून माणसांना दूरच्या रेल्वेकामावर धाडावयाचे आणि तेथे काम नसले तर हात वर करावयाचे, ही त्यांची रीत होती.

त्याच वर्षी, २ मार्च १९०८ रोजी, लाझारस ॲव्हरबुख हा रशियातून आलेला तरुण ज्यू शिकागोच्या पोलीसप्रमुखाच्या घरी गेला आणि पोलीसप्रमुखाने त्याला गोळ्या घालून ठार केले. तो मारेकरी अराजकवादी होता, असे जाहीर झाले. शहर खवळले, ज्यू वस्तीत धरपकड आणि झडत्या सुरू झाल्या. रशियातील पोलिसांच्या भीतीने पळून आलेल्यांना येथेही तेच दिसू लागले. जेन यांनी निषेधाच्या सुरात सूर मिसळला नाही. सर्वांना लागू असलेला कायदा या मृतालाही लागू आहे, असे म्हणून त्यांनी चौकशीसाठी वकील मिळवून दिला. चौकशीत पोलीसप्रमुख निर्दोष ठरला आणि वृत्तपत्रांनी हल-हाउसवर टीकेची झोड उठविली.

लोकप्रियतेची खरी किंमत महायुद्धात मोजावी लागली. १९१५ साली हेग येथे युद्धरत व तटस्थ देशांतील स्त्रियांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी जेन होत्या. अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला नाही. कालपर्यंत ज्यांची गणना देशातील सर्वांत आदरणीय स्त्रियांत होत असे, त्यांना देशद्रोही म्हटले जाऊ लागले. १९१९ साली शांतता व स्वातंत्र्यासाठी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२३ च्या जगप्रवासात त्या भारतातही येऊन गेल्या. त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक निकोलस मरे बटलर यांच्यासह विभागून देण्यात आले. पारितोषिक समारंभाच्या दिवशी त्या बाल्टिमोरच्या रुग्णालयात होत्या.

२१ मे १९३५ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. हल-हाउसच्या अंगणात हजारो शेजारी अंत्यदर्शनास जमले होते. तोपर्यंत तेथे तेरा इमारती झाल्या होत्या. १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी त्यांपैकी बहुतेक पाडण्यात आल्या आणि उरलेल्या दोहोंत संग्रहालय आहे. जेन यांचे दफन सीडरव्हिल येथे झाले. तेथील शिळेवर त्यांच्या नावाबरोबर हल-हाउस आणि स्त्रियांची ती शांतता-संघटना यांचा उल्लेख आहे. नोबेल पारितोषिकाचा नाही.