आठ पोर्ट, एक इंटरप्ट आणि एमिल बोदो

सीरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये बॉड रेटसमोर ९६०० टाकायचं आणि पुढे जायचं, ही सवय आपल्यापैकी बऱ्याच जणांना असेल. मलाही होती. बॉड हा शब्द एका माणसाच्या नावावरून आलाय, हे नोकरीला लागून चार वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

ते कळलं पिरंगुटच्या एका कारखान्यामुळे. आमचं ऑफिस हिंजवडीत. दोन्ही गावं मुळशी तालुक्यातलीच, म्हणून मलाच पाठवलं. तिथे आठ इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आठ पोर्टांच्या सीरियल कार्डवरून एकाच कॉम्प्युटरला जोडलेले होते. मधूनच वजनातला एखादा अंक गळायचा. काट्यावर १२.४५० किलो दिसायचं आणि नोंद व्हायची १२.५०. बोलणी मात्र काट्यावरच्या माणसाला बसायची. घोटाळा तोच करतो, असा सगळ्यांचा समज झाला होता.

त्या रात्री सीरियल ड्रायव्हरबद्दल वाचता वाचता मी एमिल बोदोपर्यंत पोचलो.

शेतातून तार खात्यात

बोदोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा, फ्रान्समधल्या मान्यो या खेड्यातला. घरी शेती. शाळा झाली ती फक्त प्राथमिक, मग वडिलांबरोबर शेतात काम. पंचविशीच्या आसपास तो तार खात्यात शिकाऊ म्हणून लागला. तिथे त्याला ह्यूज यांचं तारयंत्र चालवायला शिकवलं. पियानोसारख्या पट्ट्या दाबल्या की दुसऱ्या टोकाला थेट अक्षर छापणारं हे यंत्र होतं. मध्येच १८७० चं प्रशियाशी युद्ध झालं, त्यात तो सैन्यातही जाऊन आला.

स्वतः तारमास्तर असल्यामुळे एक गोष्ट त्याला रोज दिसत होती. शेकडो मैलांची महागडी तार बराच वेळ नुसती पडून असते. एक अक्षर जातं आणि पुढचं येईपर्यंत तार रिकामी. मग त्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचं अक्षर का पाठवू नये?

१७ जून १८७४ ला त्याने आपल्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्यातलं सगळंच त्याचं नव्हतं. छपाईची कल्पना ह्यूज यांची होती आणि एका तारेवर आळीपाळीने अनेकांना जागा देणारा वितरक मेयर यांनी आधी केला होता. बोदोने हे सगळं एकत्र आणून चालतं केलं. प्रत्येक अक्षराला पाच बिट, म्हणजे ३२ जोड्या. ऑपरेटरपुढे पाचच पट्ट्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. वितरकावर एक ब्रश गोल फिरायचा आणि प्रत्येक ऑपरेटरला वर्तुळाचा एक भाग मिळायचा. दुसऱ्या टोकाला तसाच ब्रश त्याच वेगाने फिरायचा. एका तारेवर पाच जणांचं काम होऊ लागलं.

१८७७ मध्ये पॅरिस ते बोर्दो मार्गावर यंत्रणा सुरू झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. पण खात्याकडून फारशी मदत नव्हती आणि प्रयोगांचा खर्च बऱ्याचदा स्वतःच्याच खिशातून व्हायचा. १८८० मध्ये त्याने ते पदकही विकलं. मिमो नावाच्या खात्यातल्याच माणसाने शोधावर हक्क सांगितला, त्याचा वाद कोर्टात गेला. १८९० च्या जानेवारीत लग्न झालं आणि तीन महिन्यांत बायको वारली. २८ मार्च १९०३ ला, वयाच्या ५७ व्या वर्षी बोदो गेला. तारेवरच्या वेगाच्या एककाला त्याचं नाव मिळालं ते १९२६ मध्ये. सेकंदाला किती वेळा सिग्नल बदलू शकतो, ते बॉड.

आता ड्रायव्हरकडे येऊ

बोदोच्या यंत्राजवळ अक्षर साठवायला जागा नव्हती. प्रत्येक फेरीला यंत्र टिक करायचं आणि ऑपरेटरने त्याच ठेक्यात पट्ट्या दाबायच्या, मिनिटाला साधारण ३० शब्द. ठेका चुकला की त्याची जागा वाया. यंत्राची वेळ सांभाळायची जबाबदारी माणसाच्या बोटांवर होती.

आज ते काम चिप आणि ड्रायव्हर मिळून करतात. माझ्या समोरच्या कार्डवरच्या आठही पोर्टांना मिळून एकच इंटरप्ट होता. तो वाजला की ड्रायव्हर फिरत्या ब्रशसारखा एकेका पोर्टला विचारत जातो, तुझ्याकडे काही आहे का. ९६०० बॉडला एका अक्षराचे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट होतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, जवळपास दर मिलिसेकंदाला एक. १६५५० या चिपमध्ये १६ अक्षरांची रांग असते, त्यामुळे ड्रायव्हरला सुमारे १६ मिलिसेकंद सवड मिळते. रांग बंद असेल तर जेमतेम एक. तेवढ्यात तो पोचला नाही तर नवं अक्षर जुन्यावर येऊन बसतं. यालाच ओव्हररन म्हणतात.

इथे नेमकं तेच झालं होतं. सेटिंगमध्ये चिपचा प्रकार जुना लिहिलेला होता, म्हणून ड्रायव्हर रांग वापरतच नव्हता. लिनक्स प्रत्येक पोर्टचा ओव्हररनचा आकडा ठेवतं. तो पाहिला तर आठांपैकी तीन पोर्टांवर वाढत होता. एक ओळ बदलली आणि आकडा थांबला.

रिपोर्ट लिहायच्या आधी मी सुपरवायझरला तो आकडा दाखवला आणि काट्यावरच्या माणसाची यात काही चूक नाही हे सांगितलं. तो माणूस शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, चहा मात्र त्यानेच आणला.

तुमच्याकडे सीरियलवरून येणारा डेटा अधूनमधून गळत असेल, तर आधी चिपचा प्रकार आणि ओव्हररनचा आकडा बघा. माणसावर संशय घेण्याआधी एवढं जरूर करा. आणि सेटिंगच्या यादीत पाच बिटांचा पर्याय दिसला, तर तो कुठून आला हेही आता तुम्हाला माहीत आहे.