पायवाटेवरचा छायाचित्रकार : एम. कृष्णन

माधवैया कृष्णन यांचा कॅमेरा कोणत्याही दुकानात मिळणारा नव्हता. त्याचा सांगाडा एका कंपनीचा, टेलिफोटो लेन्स दुसऱ्या कंपनीची आणि उरलेली जुळणी खुद्द कृष्णन यांची होती. या अवजड यंत्राला त्यांनी ‘सुपर पाँडेरोसा’ असे थट्टेचे नाव दिले होते. ते घेऊन, कधी पायी तर कधी पाळीव हत्तीच्या पाठीवरून, दक्षिणेतील रानांत त्यांनी टिपलेल्या कृष्णधवल छायाचित्रांना भारतीय वन्यजीव छायाचित्रणात मानाचे स्थान आहे.

कृष्णन यांचा जन्म ३० जून १९१२ रोजी तिरुनेलवेली येथे झाला. वडील अ. माधवैया हे आरंभीच्या तमिळ कादंबरीकारांपैकी एक. आठ भावंडांत धाकटे असलेल्या कृष्णन यांचे पितृछत्र तेराव्या वर्षीच हरपले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकताना ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पी. एफ. फायसन यांच्यासमवेत निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांत हिंडले. प्राध्यापकांच्या पत्नीकडून ते जलरंगचित्रण शिकले. झाडाचे पान आणि प्राण्याची ठेवण निरखण्याची सवय त्यांना लागली ती याच काळात. पुढे त्यांनी कायद्याची पदवीही घेतली. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १९३७ मध्ये त्यांचा विवाह इंदुमती हसबनीस यांच्याशी झाला. हे आडनाव मराठी वाचकांना परके नाही.

१९४२ मध्ये त्यांना बल्लारीजवळील संडूर येथे नोकरी मिळाली. संडूर हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. तेथे कृष्णन यांनी शिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी आणि महाराजांचे राजकीय सचिव अशी नाना प्रकारची कामे पाहिली. भोवताली डोंगर, खुरटे रान आणि मेंढरांची कुरणे होती. कामातून मिळणारा वेळ त्यांनी या परिसराच्या निरीक्षणात घालवला. त्यांच्या पुढील लेखनाची शिदोरी संडूरनेच बांधून दिली. याच घोरपडे घराण्यातील एम. वाय. घोरपडे हेही कालांतराने वन्यजीव छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि नोकरीचा आधार सुटला. सदतिसाव्या वर्षी, पाठीशी संसार असताना, कृष्णन यांनी लेखणी आणि कॅमेऱ्यावर उदरनिर्वाह करण्याचे ठरवले. त्या काळी निसर्गलेखनावर घर चालवणे हे धाडसच होते. १९५० पासून कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये त्यांचे ‘कंट्री नोटबुक’ हे पाक्षिक सदर सुरू झाले. हत्ती आणि गवे यांच्याइतक्याच आस्थेने त्यांनी खार, कावळा, साळुंकी यांच्याविषयी लिहिले. रान पाहण्यासाठी दूर जावेच लागते असे नाही, परसातही ते भेटते, ही त्यांची धारणा होती. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावही ‘जंगल अँड बॅकयार्ड’ असेच आहे. शोभेच्या परदेशी झाडांऐवजी देशी वृक्ष लावावेत, असा आग्रह त्यांनी पर्यावरण हा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधी धरला होता.

१९६८ मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे त्यांनी दक्षिण द्वीपकल्पातील मोठ्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ती प्रसिद्ध केली. ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला आणि १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ५००’ सन्मानयादीत त्यांचे नाव आले. रंगीत छायाचित्रांची चलती झाली तरी त्यांनी कृष्णधवल माध्यम सोडले नाही.

१८ फेब्रुवारी १९९६ रोजी कृष्णन यांचे निधन झाले. सेहेचाळीस वर्षे चाललेल्या त्यांच्या सदराचा अखेरचा लेख त्याच दिवशी वाचकांच्या हाती पडला.