सरकारी पैसा, खासगी कारखाने आणि सतीश धवन

प्रा. सतीश धवन यांनी १९७२मध्ये इस्रोची सूत्रे हाती घेतली. पैसा सरकारी असला, तरी प्रत्येक भाग सरकारी कार्यशाळेत बनवण्याची गरज नाही. तंत्र इस्रोने विकसित करावे, उत्पादन उद्योगांनी करावे, हे त्यांचे धोरण. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या वालचंदनगरमध्ये रॉकेट मोटरची आवरणे बनू लागली, ती याच काळात.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३चे पहिले उड्डाण फसले. धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि अपयशाची जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा मात्र त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केले. २००२मध्ये धवन यांचे निधन झाले. श्रीहरिकोटाच्या केंद्राला आज त्यांचेच नाव आहे.