क्लारा बार्टन

क्लॅरिसा हार्लो बार्टन ऊर्फ क्लारा बार्टन (२५ डिसेंबर, इ.स. १८२१ – १२ एप्रिल, इ.स. १९१२) या अमेरिकन शिक्षिका, युद्धभूमीवरील मदतकार्याच्या संघटक आणि अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक अध्यक्ष होत्या. अमेरिकन यादवी युद्धातील शुश्रूषेमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांच्या आयुष्यातील अधिक दीर्घ आणि अधिक कष्टाचा लढा मात्र कागदावरचा होता. अमेरिकेने जिनिव्हा करारावर सही करावी आणि रेड क्रॉस संस्थेला देशाच्या कायद्यात स्थान मिळावे, यासाठी त्यांनी १८७७ ते १९०० अशी सुमारे तेवीस वर्षे खटपट केली. ती सनद मिळाल्यानंतर चारच वर्षांत त्यांना संस्थेतून बाहेर पडावे लागले.

प्रारंभिक जीवन

बार्टन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ऑक्सफर्ड या गावी झाला. पाच भावंडांत त्या धाकट्या. वडील स्टीफन बार्टन यांनी तरुणपणी सैन्यात नोकरी केली होती आणि त्यांच्या तोंडून ऐकलेल्या लढायांच्या हकिकतींमुळे सैन्याची रचना व हुद्दे मुलीला लहानपणीच परिचयाचे झाले. क्लारा स्वभावाने अतिशय लाजाळू होत्या. त्या अकरा वर्षांच्या असताना भाऊ डेव्हिड धान्याच्या कोठाराच्या छपरावरून पडून जबर जखमी झाला. सुमारे दोन वर्षे त्यांनी त्याची सेवा केली. त्यांचा बुजरेपणा कमी व्हावा म्हणून घरच्यांनी त्यांना शिक्षिकेच्या कामाकडे वळवले. सतराव्या-अठराव्या वर्षी त्या शाळेत शिकवू लागल्या.

इ.स. १८५२ मध्ये न्यू जर्सीतील बॉर्डनटाउन येथे त्यांनी मोफत सार्वजनिक शाळा सुरू केली. मूठभर मुलांनी सुरू झालेल्या शाळेची पटसंख्या वर्षभरात शेकड्यांत गेली आणि गावाने नवी इमारत बांधली. मोठ्या झालेल्या शाळेचा मुख्य म्हणून मात्र अधिक पगारावर एका पुरुषाची नेमणूक करण्यात आली. बार्टन यांनी राजीनामा दिला. पुढे १८५४ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात त्यांना पुरुष कारकुनांइतक्याच, म्हणजे वार्षिक १,४०० डॉलर वेतनावर नोकरी मिळाली. स्त्रीने सरकारी कचेरीत समान वेतन घेणे वरिष्ठांना रुचले नाही. त्यांना नकलनविशीवर उतरवण्यात आले आणि १८५७ मध्ये ते कामही गेले. राजकीय वारे बदलल्यावर १८६० मध्ये त्या पुन्हा त्याच कार्यालयात रुजू झाल्या.

यादवी युद्धातील कार्य

एप्रिल १८६१ मध्ये बाल्टिमोर येथे जमावाच्या हल्ल्यात सापडलेली मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण वॉशिंग्टनला पोहोचली. तिची राहण्याची सोय सिनेटच्या सभागृहात करण्यात आली होती. त्यांतील काही जवान बार्टन यांचे जुने विद्यार्थी होते. अन्न, कपडे, औषधे अशी जमवाजमव त्यांनी तेथूनच सुरू केली. जखमींना खरी गरज रुग्णालयापेक्षा रणांगणाजवळ असते, हे लक्षात येताच ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांनी आघाडीवर जाण्याची लेखी परवानगी मिळवली. सीडर माउंटन, बुल रनची दुसरी लढाई, अँटिटम आणि फ्रेडरिक्सबर्ग येथे त्या साहित्याच्या गाड्यांसह हजर होत्या. अँटिटम येथे (१७ सप्टेंबर, १८६२) एका जखमीला पाणी पाजत असताना गोळी त्यांच्या बाहीतून जाऊन त्या सैनिकाला लागली व तो तेथेच मरण पावला, अशी आठवण त्यांनी नोंदवली आहे.

हे काम त्यांनी कोणत्याही मोठ्या संस्थेच्या छत्राखाली केले नाही. साहित्य गोळा करणे, परवाने मिळवणे आणि हिशेब ठेवणे हे सर्व त्यांच्या एकटीच्या हाती होते. पुढे हीच पद्धत त्यांनी रेड क्रॉसमध्येही नेली. युद्धात ती त्यांचे बलस्थान होती. राष्ट्रीय संस्थेत ती तितकीशी उपयोगी ठरली नाही.

मार्च १८६५ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या संमतीने त्यांनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम हाती घेतले. आपला मुलगा, पती वा भाऊ जिवंत आहे की मृत, हेच ठाऊक नसलेल्या कुटुंबांची ६३,००० हून अधिक पत्रे त्यांच्या कार्यालयाने हाताळली आणि सुमारे २२,००० सैनिकांचा ठावठिकाणा लावला. जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत सुमारे १३,००० कैदी मरण पावले होते. तेथे कैदेत असलेल्या डोरेन्स ॲटवॉटर या तरुण सैनिकाने मृतांच्या यादीची गुप्तपणे नक्कल करून ठेवली होती. तिच्या आधारे १८६५ च्या उन्हाळ्यात तेथील बहुतांश कबरींवर नावे लावता आली. या कामात बार्टन यांनी स्वतःचे पैसे घातले होते. १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यासाठी १५,००० डॉलर मंजूर केले.

जिनिव्हा कराराशी परिचय

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १८६९ मध्ये बार्टन विश्रांतीसाठी युरोपात गेल्या. जिनिव्हा येथे रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे एक संस्थापक डॉ. लुई आपिया त्यांना भेटले. सॉल्फेरिनोच्या लढाईतील (१८५९) जखमींची दुर्दशा पाहून हेन्री ड्युनांट यांनी मांडलेल्या कल्पनेतून ही समिती १८६३ मध्ये उभी राहिली होती. २२ ऑगस्ट, १८६४ रोजी जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा व्हावी आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रॉस हे चिन्ह असलेले दवाखाने, रुग्णवाहिका व सेवक यांना तटस्थ मानावे, हा त्याचा गाभा होता. यादवी युद्धात एवढे मोठे मदतकार्य करणाऱ्या अमेरिकेने या करारावर सही का केली नाही, असे आपिया यांनी विचारले. अशा कराराचे नावही बार्टन यांनी तोवर ऐकले नव्हते.

पुढच्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले. बाडेनच्या ग्रँड डचेस लुईझ यांच्या सहकार्याने बार्टन यांनी स्ट्रासबर्ग शहरात काम केले. वेढ्यात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरातील स्त्रियांना नुसते कपडे वाटण्याऐवजी त्यांनी शिवणकामाची कार्यशाळा काढून मजुरी दिली. रेड क्रॉसचे बिल्ले लावलेले प्रशिक्षित स्वयंसेवक आणि साहित्याने भरलेली गोदामे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिली. आपल्या देशात लढाई सुरू झाल्यावर जी धावपळ झाली, तिची तयारी येथे शांततेच्या काळातच झालेली होती. ही तफावत त्यांच्या मनात ठसली.

करारासाठी प्रयत्न

१८७३ मध्ये मायदेशी परतल्यावर मानसिक व शारीरिक थकव्यामुळे त्यांना काही वर्षे काहीच करता आले नाही. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे त्या उपचारासाठी राहिल्या. १८७७ मध्ये त्यांनी आपिया यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष गुस्ताव्ह म्वानिए यांचे पत्र घेऊन राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेस यांच्या प्रशासनाकडे गेल्या.

त्यांना नकार मिळाला. परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांच्या काळात हा करार आधीच नाकारला गेला होता. आता सहायक परराष्ट्रमंत्री असलेले त्यांचेच पुत्र फ्रेडरिक सिवर्ड यांनी हा विषय केव्हाच निकालात निघाल्याचे कळवले. युरोपीय राष्ट्रांच्या करारमदारांत गुंतायचे नाही, हे अमेरिकेचे जुने धोरण त्यामागे होते. यापूर्वी हेन्री बेलोज यांनी १८६६ मध्ये याच हेतूने स्थापन केलेली संस्थाही सरकारने करार न स्वीकारल्यामुळे काही वर्षांतच बंद पडली होती. बार्टन यांनी त्यापासून योग्य तो बोध घेतला. कराराविना रेड क्रॉस संस्था काढली, तर तिला दुसऱ्या देशात वा शत्रूच्या सैन्यात कोणतेही संरक्षण मिळणार नव्हते. म्हणून आधी करार आणि मग संस्था, असा त्यांचा आग्रह राहिला.

१८७८ मध्ये त्यांनी रेड क्रॉसची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका काढली. अमेरिकेत पुन्हा युद्ध होईल असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते. मग युद्धातील जखमींसाठी संस्था कशाला, असा साहजिक प्रश्न येई. पूर, वणवे, भूकंप, दुष्काळ आणि साथीचे रोग यांतही ही संस्था धावून जाईल, असे उत्तर बार्टन यांनी त्यावर मांडले. लोकांना समजेल आणि पटेल असा हा मुद्दा होता, आणि रेड क्रॉसच्या इतिहासात त्यांची सर्वांत टिकाऊ भर तीच आहे.

१८८१ मध्ये जेम्स गारफिल्ड राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री जेम्स ब्लेन यांनी अनुकूलता दाखवली. हा कौल मिळताच २१ मे, १८८१ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकन असोसिएशन ऑफ द रेड क्रॉस ही संस्था स्थापन झाली आणि जून महिन्यात बार्टन तिच्या अध्यक्ष झाल्या. त्या वेळी त्यांचे वय ५९ होते. २ जुलै रोजी गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. १९ सप्टेंबर रोजी ते मरण पावले आणि सगळे पुन्हा अधांतरी झाले. त्याच सप्टेंबरात मिशिगन राज्यात प्रचंड वणवा लागला. अवघ्या काही दिवसांपूर्वी स्थापन झालेल्या डॅन्सव्हिलच्या पहिल्या स्थानिक शाखेने, तसेच रॉचेस्टर व सिरॅक्यूज येथील शाखांनी तेथे मदत पाठवली. पुस्तिकेतील युक्तिवादाला प्रत्यक्ष पुरावा मिळाला. नवे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी १ मार्च, १८८२ रोजी करारावर सही केली आणि १६ मार्च रोजी सिनेटने त्याला संमती दिली.

१८८४ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला बार्टन प्रतिनिधी म्हणून गेल्या. शांतताकाळातील आपत्तींतही राष्ट्रीय संस्थांनी मदत करावी, या तत्त्वाला तेथे मान्यता मिळाली. ते ‘अमेरिकन दुरुस्ती’ या नावाने ओळखले जाते.

आपत्तीतील मदतकार्य

ओहायो व मिसिसिपी नद्यांचे पूर (१८८४) आणि जॅक्सनव्हिल येथील पीतज्वर (१८८८) अशा अनेक आपत्तींत संस्थेने काम केले. ३१ मे, १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथे धरण फुटून २,२०० हून अधिक लोक मरण पावले, तेव्हा बार्टन तेथे पाच महिने राहिल्या. दक्षिण कॅरोलिनाच्या सी आयलंड्स बेटांवर १८९३ च्या वादळानंतर सुमारे ३०,००० लोकांना, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, जवळजवळ दहा महिने मदत देण्यात आली. तेथे लोकांकडूनच पाण्याचे चर खणून घेण्यात आले आणि स्त्रियांनी कपडे शिवले. मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान राखण्याची ही स्ट्रासबर्गचीच पद्धत होती. १८९६ मध्ये त्या आर्मेनियन लोकांच्या मदतीसाठी ऑटोमन साम्राज्यात आणि १८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात क्यूबामध्ये गेल्या.

काँग्रेसची सनद

करार मान्य झाला, तरी कायद्याच्या दृष्टीने संस्थेची स्थिती दुबळीच होती. करार सरकारवर बंधनकारक होता. संस्था मात्र कोलंबिया जिल्ह्याच्या कायद्याखाली नोंदलेली एक खासगी मंडळी होती. रेड क्रॉस हे नाव कोणीही घेऊ शकत असे. व्यापारी आपल्या मालावर ते चिन्ह सर्रास छापत. स्पॅनिश युद्धाच्या वेळी निरनिराळ्या शहरांतील मंडळांनी त्याच नावाने स्वतंत्रपणे निधी जमवला. युद्धात ज्या चिन्हावर जखमींचा जीव अवलंबून, त्याला देशात कायद्याचे संरक्षण नव्हते. बार्टन यांनी काँग्रेसकडे वारंवार दाद मागितली.

अखेर ६ जून, १९०० रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅककिन्ली यांच्या सहीने सनदेचा कायदा झाला. जिनिव्हा कराराची उद्दिष्टे पार पाडणे, युद्धकाळात जनता आणि सैन्य यांच्यामधील दुवा होणे आणि शांतताकाळात साथी, दुष्काळ, आग, पूर यांत साहाय्य करणे ही कर्तव्ये संस्थेकडे सोपवण्यात आली. चिन्हाचा गैरवापर दंडनीय ठरला. संस्थेने दरवर्षी काँग्रेसला अहवाल द्यावा, असेही त्यात होते. (भारतात १९२० च्या १५ व्या कायद्यान्वये इंडियन रेड क्रॉस सोसायटीची स्थापना झाली, तीही अशीच विधिमंडळाच्या मार्गाने.)

संस्थेतील वाद व राजीनामा

सनदेनंतर तीनच महिन्यांनी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे आलेल्या चक्रीवादळात ६,००० हून अधिक लोक मरण पावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बार्टन तेथे जातीने गेल्या. शेतकऱ्यांना पुन्हा उभे राहता यावे म्हणून त्यांनी स्ट्रॉबेरीची रोपे वाटली. हे त्यांचे शेवटचे मोठे क्षेत्रकार्य ठरले.

सनदेने संस्थेला अधिकार दिले, तशी जबाबदारीही आणली. बार्टन जेथे आपत्ती तेथे स्वतः जात, त्यामुळे मुख्य कचेरीचे काम मागे पडे. संस्थेचा पैसा आणि स्वतःचा पैसा यांत त्यांनी कधी काटेकोर भेद केला नाही. पदरचा पैसा घालण्याची सवय असलेल्या व्यक्तीला त्यात वावगे वाटत नसे, परंतु सनदी संस्थेला ते शोभणारे नव्हते. १९०२ च्या अखेरीस नियमांत बदल करून त्यांना तहहयात अध्यक्ष करण्यात आले, तेव्हा मेबल बोर्डमन यांच्या पुढाकाराखालील गटाने उघड विरोध केला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी संस्थेच्या मंडळावरील आपले नाव मागे घेतले. सिनेटर रेडफील्ड प्रॉक्टर यांच्या समितीने चौकशी सुरू केली. गैरव्यवहाराचा आरोप करणारी साक्ष टिकली नाही आणि चौकशी अर्ध्यावरच थांबली. बार्टन यांचा अप्रामाणिकपणा सिद्ध झाला नाही, पण त्यांच्या कारभाराविषयीचे प्रश्नही अनुत्तरितच राहिले. १४ मे, १९०४ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

५ जानेवारी, १९०५ रोजी काँग्रेसने जुनी सनद रद्द करून नवी दिली. तीनुसार अठरा जणांच्या मध्यवर्ती समितीतील सहा सदस्य राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे होते आणि संस्थेच्या हिशेबांची तपासणी युद्ध खात्याकडे देण्यात आली. विल्यम हॉवर्ड टाफ्ट संस्थेचे अध्यक्ष झाले. प्रत्यक्ष सूत्रे मात्र बोर्डमन यांच्याकडे होती.

अखेरची वर्षे

१९०५ मध्ये बार्टन यांनी प्रथमोपचाराच्या शिक्षणासाठी नॅशनल फर्स्ट एड असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था काढली. १९०७ मध्ये त्यांच्या बालपणीच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या त्या आयुष्यभर पुरस्कर्त्या होत्या. मेरीलँडमधील ग्लेन एको येथील घरी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्ड येथे कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. जॉन्सटाउनच्या मदतकार्यातून उरलेले लाकूड वापरून बांधलेले ते घर काही वर्षे रेड क्रॉसचे मुख्यालय व गोदामही होते. १९७४ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले.

बेपत्ता सैनिकांचे कार्यालय वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावरील ज्या इमारतीत होते, तिचे नाव पुढे विस्मृतीत गेले होते. १९९६ मध्ये इमारत पाडण्यापूर्वीच्या पाहणीत पोटमाळ्यावर कार्यालयाचा फलक, कागदपत्रे आणि सैनिकांसाठी जमवलेल्या वस्तू सापडल्या. इमारत वाचली असून तेथे आता संग्रहालय आहे.