थंड इंजिन आणि एक उद्योगमहर्षी

नायगाव पूर्वेकडील जूचंद्र हे रांगोळीकारांचे गाव म्हणून परिचित आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथून जवळच. पौष-माघात खाडीवरून बोचरा वारा सुटला, की पहाटे मोटार काढणाऱ्याला आजही प्रश्न पडतो : इंजिन आधी तापवावे, की लगेच निघावे? ही सवय मराठी मध्यमवर्गाला जडली ती प्रामुख्याने 'फियाट' आणि 'प्रीमियर पद्मिनी' या गाड्यांमुळे. त्या गाड्या ज्या कारखान्यातून बाहेर पडल्या, त्याची मुहूर्तमेढ रोवली होती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात वालचंद यांचा जन्म झाला. घरच्या सराफीत मन रमेना, तेव्हा लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. भोर घाटातील बोगद्यांच्या कामाने त्यांचे नाव झाले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाली आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान मिळाले. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळुरूला विमान कारखाना आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया, ही कामेही त्यांचीच.

मोटारीच्या बाबतीत मात्र त्यांना फार थांबावे लागले. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवून विकत होती. पण सुटे भाग सारे परदेशी. मोटार येथेच घडावी, हा वालचंद यांचा ध्यास होता. १९४० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, परंतु युद्धाचे कारण पुढे करून सरकारने साहाय्य नाकारले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले.

तोवर शरीर थकले होते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जकात आयोगाने शिफारस केली, की उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या व केवळ गाड्या जुळवणाऱ्या कंपन्यांनी काम थांबवावे. पाठोपाठ फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील जुळणी बंद केली. ज्या संरक्षणासाठी वालचंद आयुष्यभर झगडले, ते मिळालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 'फियाट ११००' ही गाडीही १९५४ मध्ये, त्यांच्या पश्चात आली.

याच घराण्यातील पुढच्या 'पद्मिनी'चे १०८९ सीसीचे इंजिन कार्ब्युरेटरवर चाले. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि ऑइल घट्ट होते. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे, इंजिन स्थिर झाले की चोक हळूहळू आत ढकलायचा. तो ओढलेलाच राहिला तर पेट्रोल वाया जाई, प्लग काळे पडत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचालकांनी हे तंत्र वर्षानुवर्षे सांभाळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाल्या.

आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तापमान ओळखून इंधनाचे प्रमाण संगणकच ठरवतो. आपल्याकडील थंडीत अर्धा मिनिट पुरेसा. नंतर पहिले दोन-तीन किलोमीटर वेग आणि जोर बेताचा ठेवावा. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचे इंजिन लवकर तापते. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असतो.

चोक गेला, कुर्ल्याच्या गाड्याही गेल्या. तथापि आज महाराष्ट्रात पुण्याजवळ, चाकण-पिंपरी परिसरात मोटारी घडतात. मोटार येथेच बनू शकते, हा विश्वास ज्यांनी सत्ता विरोधात असताना बाळगला, त्यांत वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.