खाँसाहेबांचा तंबोरा

गवई कितीही पट्टीचा असो, तंबोरा नीट लागला नाही तर मैफल उभी राहत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचे सारे आयुष्य या एका ध्यासात गेले. १८७२ साली उत्तरेतील कैराना येथे गवयांच्या घराण्यात ते जन्मले. बडोदे, मुंबई करीत ते मिरजेत आले आणि वाद्ये घडविणाऱ्यांचे हे गाव त्यांचे झाले.

मिरजेत शिकलगारांच्या, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या कुळातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली. तिथला तंबोरा आजही गवयाचा गळा पाहून बनतो: पुरुषासाठी मोठा भोपळा नि लांब दांडी, स्त्रीसाठी बेताचा. खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा कानशीने जरा जरा घासायचा, तारेखाली सुती दोरा सरकवायचा. केसाएवढी चूक झाली की झंकार मेला! वाद्यांच्या दुरुस्तीत खाँसाहेबांचा स्वतःचाही हात बसलेला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिसंशोधनाला त्यांनी साथ दिली.

१९२२ साली ताराबाई मुलांसह निघून गेल्या. सुरेशबाबू, हिराबाई दुरावली. भरले घर रिते झाले. तंबोरा तेवढा सोबत राहिला.

२७ ऑक्टोबर १९३७. पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर उतरले. तिथेच अंथरूण घालून, दरबारी रागात प्रार्थना गात त्यांनी अखेरचा श्वास घेतला, असे सांगतात. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात ते विसावले आहेत. त्याच गावी आजही कुणाच्या तरी तंबोऱ्याची जवारी लागत असते.