दंतकथेचा धनी

जर्मनीत बोलपट रुळू लागले होते, त्या काळात म्हणजे १९३४ मध्ये ई. डब्ल्यू. एमो यांनी फ्रान्झ लेहार यांच्या १९२५ च्या ‘पागानिनी’ या संगीतिकेवर चित्रपट काढला. इव्हान पेट्रोविच यांनी रंगवलेला त्यातील व्हायोलिनवादक प्रणयवीर आहे. निकोलो पागानिनी यांचे प्रत्यक्ष आयुष्य मात्र याहून कितीतरी खडतर होते.

जिनोआत २७ ऑक्टोबर १७८२ रोजी जन्मलेल्या निकोलोंना वडिलांनी आधी मँडोलिन आणि मग व्हायोलिन हाती दिले. रियाजात कसूर झाली, तर शिक्षा ठरलेली असे. १८०५ मध्ये नेपोलियनची बहीण एलिझा लुक्का संस्थानची अधिपती झाली आणि पागानिनी तिच्या दरबारी रुजू झाले. संगीतिकेची प्रेमकथा याच पर्वावर बेतलेली आहे. पुढे १८२० मध्ये त्यांच्या २४ ‘काप्रिची’ प्रसिद्ध झाल्या आणि व्हायोलिनवादनाची कसोटीच बदलली.

१८२८ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि युरोप त्यांच्यामागे वेडा झाला. एकाच तारेवर अख्खी रचना वाजवणारा हा माणूस सैतानाला आत्मा विकून आला आहे, अशी वदंता पसरली. त्याच वर्षी जबड्याच्या विकारामुळे त्यांचे खालचे दात काढावे लागले. आजाराने खंगलेला तो चेहरा लोकांना सैतानी वाटू लागला. या वदंतेमुळे सभागृहे भरत. पण तिचे खंडन त्यांना जाहीरपणे करावे लागले.

१८३८ मध्ये त्यांनी बर्लिओझ या गुणी पण अडचणीतल्या संगीतकाराला वीस हजार फ्रँक दिले. तोवर त्यांचा स्वतःचा आवाज गेला होता. पुत्र अकिले त्यांच्या ओठांची हालचाल ओळखून त्यांचे म्हणणे इतरांना सांगे.

२७ मे १८४० रोजी नीस येथे ते निवर्तले. अखेरचे धर्मसंस्कार झाले नव्हते, म्हणून तेथील बिशपने चर्चच्या भूमीत दफनाला मनाई केली. आयुष्यभराची दंतकथा मरणानंतरही आडवी आली. औषधी लेप लावलेले पार्थिव एका जागेहून दुसऱ्या जागी हलवले जात राहिले आणि अकिले वर्षानुवर्षे धर्मसत्तेचे उंबरठे झिजवत राहिले. अखेर १८७६ मध्ये पार्माच्या दफनभूमीने त्यांना सामावून घेतले.

चित्रपटाला त्यांच्या आयुष्यातले प्रेमप्रसंग पुरले. वडिलांना मूठभर माती मिळावी म्हणून ३६ वर्षे झगडणाऱ्या मुलाचे प्रेम मात्र त्या कथेच्या बाहेरच राहिले.